जुन्या जीपमध्ये स्कॉर्पिओचं इंजिन: त्या व्हायरल मजकुराला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला निदान दहा जणांनी पाठवला. पाठवणाऱ्यांत दोघे-तिघे असे होते, ज्यांनी जीपचं बॉनेट आयुष्यात उघडलेलं नाही. मजकूर थोडक्यात असा: "जुनी जीप भंगारात घालू नका. स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन टाका. इंजिन मोठं, चेसिस दणकट, बोल्टला बोल्ट बसतो, बाकी काही बदलावं लागत नाही. घाटात नव्या थारला मागे टाकाल. गाडी महिंद्राची, इंजिनही महिंद्राचं, त्यामुळे आरटीओची कटकट नाही. मायलेज वाढेल, किंमत दुप्पट होईल."

आमच्या दारात वडिलांच्या वेळेपासून सीजे-3बी, म्हणजे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप, उभी आहे. तिच्यात दुसरं इंजिन घालायचा किडा मलाही चावला होता, त्यामुळे हे सगळं मी बऱ्यापैकी खोलात जाऊन विचारलेलं आहे.

पहिलाच शब्द घ्या: "मोठं". सीजे-3बीचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन 2199 सीसीचं. एमहॉक हे डिझेल, 2179 सीसीचं. म्हणजे तुम्ही जे मोठं म्हणून घालताय ते 20 सीसीने लहानच आहे. मोठी आहे ती त्याची ताकद. हरिकेनची 72 अश्वशक्ती, एमहॉकची 120. आणि खरा फरक टॉर्कचा: हरिकेन साधारण 155 न्यूटनमीटर देतं, एमहॉक 280 च्या घरात, तेही टर्बोच्या जोरावर, खालच्या आरपीएमपासूनच. हा शब्दांचा खेळ नाही. सीसी वाढली नाही म्हणून गाडीला फरक पडणार नाही असं वाटून घेणारे लोक मी पाहिलेत, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

गंमत म्हणजे ही जीप स्वतःच अशा एका बदलातून जन्माला आली. आधीच्या जीपमध्ये गो-डेव्हिल इंजिन होतं, 60 अश्वशक्तीचं. विलीज या जीपच्या मूळ अमेरिकन कंपनीने 1953 मध्ये तेवढ्याच सीसीचं हरिकेन घातलं. पण हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट आणि काऊल, म्हणजे काचेखालचा पत्रा, वर उचलावं लागलं. सीजे-3बीचं ते उंच कपाळ कुणा डिझायनरची हौस नव्हे. बारा अश्वशक्ती वाढवायला खुद्द कारखान्याला पत्र्याचे साचे बदलावे लागले. आपल्याकडे 48 वाढवायच्यात आणि म्हणे काही बदलावं लागत नाही.

आता "बोल्टला बोल्ट". मी साताऱ्याच्या आमच्या मिस्त्रींना हा मजकूर वाचून दाखवला. ते हातातला पाना खाली न ठेवता म्हणाले, "बसंल की. हातोड्यानं काय बी बसतंय." मग त्यांनी गॅरेजच्या मागे नेऊन दुसरीकडे काम झालेली, आता दुरुस्तीला आलेली एक जीप दाखवली. इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला पुढच्या बाजूने मुठीएवढा खड्डा पाडलेला होता. का, तर खड्ड्यात चाक गेलं की पुढचा ॲक्सल वर उचलला जातो आणि चेंबरवर आदळतो. मधली जागा कमी पडली म्हणून चेंबर आत ठोकलं. आत तेल शोषणारी जाळी असते, तिच्यापासून तो खड्डा बोटभर अंतरावर होता. इंजिन आणि सीट यांच्यामधली पत्र्याची भिंत, म्हणजे फायरवॉल, कापलेली, इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनचे ब्रॅकेट चेसिसला वेल्डिंगने चिकटवलेले, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर कातलेली प्लेट. ती प्लेट केसभर जरी तिरकी लागली तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं. या जीपचं ओरडत होतं.

काही जण म्हणतात, मग स्कॉर्पिओचा गिअरबॉक्सही सोबत घ्या. घ्या, पण लांबी मोजून घ्या. सीजे-3बीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 80 इंच, म्हणजे 2032 मिलिमीटर. इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स लांबला की मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढाच आखूड होतो. आखूड शाफ्ट म्हणजे उभा कोन. कोन वाढला की शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर ताण, थरथर, आणि काही महिन्यांत क्रॉस हातात. त्यात जीपचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरचा गोळा, मधोमध नसतं, उजवीकडे सरकलेलं असतं, कारण ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधून शाफ्ट त्या बाजूनेच निघतो. दुसऱ्या गाडीचा मधून निघणारा शाफ्ट त्याला जुळवायचा तर तिरका टाकावा लागतो, नाहीतर ॲक्सलच बदलावा लागतो.

"गाडी महिंद्राचीच" या मुद्द्याचं उत्तर महिंद्रानेच 2010 मध्ये देऊन ठेवलंय. जीपच्या रूपात कॉमन रेल, म्हणजे खूप मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं, इंजिन घालायचं ठरलं तेव्हा त्यांनी थार आणली. तिचा व्हीलबेस 2430 मिलिमीटर, म्हणजे सीजे-3बीपेक्षा जवळजवळ 40 सेंटिमीटर जास्त. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअर. इंजिन 105 अश्वशक्तीचं, एमहॉकहूनही कमी. ज्या कंपनीकडे दोन्ही गाड्यांचे नकाशे होते तिने जुन्या चेसिसवर नवं इंजिन ठेवून दिलं नाही.

हे खूळ बऱ्याच अंशी अमेरिकन व्हिडिओंतून आलंय. तिकडे 1967 ते 72 च्या शेव्हरोले सी-10 पिकअपमध्ये नवं 5.3 लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-8 घालतात आणि ते खरंच सुटसुटीत दिसतं. पण त्या पिकअपला कारखान्यातूनच व्ही-8 मिळत होतं. बॉनेटखाली माणूस उभा राहील एवढी जागा आहे, आणि फाउंडेशनपासून वायरिंगपर्यंत सगळं तयार किटमध्ये विकत मिळतं. तरीही तिथले जाणकार पुढे ड्रम ब्रेक असतील तर आधी ते काढून डिस्क बसवतात. व्हिडिओत तो भाग पळवून दाखवलेला असतो.

टाकीचंही सांगतो. सीजे-3बीची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते. चाळीस-पन्नास वर्षांचा गंज तिच्या तळाशी बसलेला असतो. कार्बोरेटर तो गंज थोडाफार सहन करायचा. जेट चोंदला की काढून फुंकर मारली, झालं. कॉमन रेलचे इंजेक्टर हजार बारच्या वरच्या दाबावर काम करतात, त्यांना धुळीचा कण चालत नाही. म्हणजे टाकी नवी, फिल्टर नवा, डिझेल परत आणणारी लाइन नवी. शिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ॲक्सिलरेटरचा सेन्सर, चावीचा इमोबिलायझर. जुन्या जीपमधल्या वायरी मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवतो. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

"घाटात थारला मागे टाकाल." चढताना टाकालही. प्रश्न उतरतानाचा आहे.

माझ्या एका मित्राने हा बदल करून घेतला होता. कोणत्या गॅरेजात ते राहू दे. चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट उतरत होतो. मी शेजारी. गाडी अशी सुसाट की त्याला गिअर खाली घ्यायची आठवणच नाही, प्रत्येक वळणावर ब्रेक. चौथ्या-पाचव्या वळणानंतर करपल्यासारखा वास यायला लागला. पुढच्या वळणाला त्याने पाय दाबला तर पेडल जवळजवळ फळीला टेकलं. पंप मारत मारत, पहिल्या गिअरवर आणत, कडेच्या भिंतीला चाक घासून गाडी थांबवली. मी उडी मारून चाकाखाली दगड लावला. ड्रमवर पाणी टाकलं तर चर्र झालं.

मोटरसायकलवाल्यालाही कळेल असा हिशेब आहे. सीजे-3बीला चारही चाकांना 9 इंची ड्रम. तापला की ड्रम फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब जातो, पेडल खाली जातं. मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा, म्हणजे एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. हे सगळं 60 च्या वेगाच्या गाडीसाठी होतं. वेग 60 चा 100 केला की थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटीच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. इंजिन बदलून ती कुठे जात नाही, ती त्याच चार ड्रममध्ये उष्णता होऊन उतरते. वर डिझेल इंजिन पेट्रोलसारखा व्हॅक्यूम देत नाही, तेव्हा ब्रेकला जोर देणारा बूस्टर लावायचा तर व्हॅक्यूम पंपही चालू हवा. मित्राच्या जीपमध्ये बूस्टर लावला होता, पंपाची नळी सैल होती.

वेगाचा हिशेबही कुणी मांडत नाही. या जीपच्या डिफरन्शियलमध्ये पिनियनला 8 दात आणि क्राऊनला 43, म्हणजे 5.38 चं प्रमाण. 6.00-16 च्या टायरचा एक फेरा साधारण सव्वादोन मीटर. इंजिन 3000 आरपीएमवर, टॉपमध्ये थेट गिअर असेल तर गाडी ताशी 75. शंभर गाठायला 4000 आरपीएम लागतात, आणि एमहॉकची पूर्ण ताकद मिळते तीच 4000 ला. म्हणजे हायवेवर डिझेल इंजिन सतत बोंबलत ठेवायचं. पाचवा गिअर असेल तर थोडा दिलासा. क्राऊन-पिनियन बदललं तर खरा फरक, पण तो खर्च मजकुरात नाही.

मायलेजचा दावा अर्धा खरा आहे. जुन्या कार्बोरेटरच्या पेट्रोल इंजिनपेक्षा नवं डिझेल कमी पितं, यात वाद नाही. पण सपाट उभी काच घेऊन ही गाडी हवेला भिंतीसारखी भिडते. वेग वाढवलात की वाचलेलं डिझेल हवेत गेलं.

आता आरटीओ. इथे मजकूर नुसता चुकीचा नाही, लोकांना अडकवणारा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने मूळ जे तपशील दिलेत त्यांच्याशी आरसीवरचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही. सवलत आहे ती वेगळ्या इंधनासाठी मान्य किट बसवण्याला, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात कलम 182अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं रीतसर मंजुरीने बसवणं ही वेगळी गोष्ट. पेट्रोल हरिकेनच्या जागी कॉमन रेल डिझेल हे "त्याच प्रकारचं" होत नाही, दोन्हींवर महिंद्राचा शिक्का असला तरी.

"आमच्या काकांनी केलं होतं, आरसीवर डिझेल चढवून दिलं होतं," असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पूर्वी पेट्रोल जीपमध्ये डिझेल घालायची लाटच होती. प्यूजोचं एक्सडीपी 4.90 इंजिन महिंद्राच्या स्वतःच्या जीपमध्ये यायला लागल्यावर तर ते ओळखीचंच झालं. 4.90 म्हणजे चार सिलिंडर, 90 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), एकूण 2112 सीसी, 62 अश्वशक्ती. ताकद जीपच्या मूळ हाडांना पेलणारी होती. तेव्हा आरटीओच्या मंजुरीने असा बदल करता येत असे. कलम 52 मधली ही वाट 2000 च्या दुरुस्तीने बंद झाली. काकांची आरसी खरी, पण तिच्यावर पुतण्याने भरवसा ठेवू नये.

विम्याचं फार बोलत नाही. अपघात झाला की सर्वेअर आधी चेसिस आणि इंजिन नंबर पाहतो. भंगार बाजारातून बिलाशिवाय आणलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर प्रश्न विम्याच्याही पुढे जातो.

आणि "किंमत दुप्पट". 2021 पासून विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आहे, नंबरात व्हीए अक्षरं असलेली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली हवीत, गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला ती चालत नाही, हे मान्य. पण सत्तरीच्या दशकातल्या जीप आता एकेक करून या वयात येताहेत, आणि शौकीन गिऱ्हाईक आधी विचारतं ते हेच, की इंजिन मूळ आहे का. हरिकेन काढून टाकणं म्हणजे तो दरवाजा आपणच बंद करणं.

घाटातल्या त्या मित्राची नोंदणी गेल्या हिवाळ्यात नूतनीकरणाला आली. इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं, कापडाने ब्लॉक पुसला, आरसीवरचा नंबर पाहिला आणि बॉनेट बंद केलं. एक शब्द बोलला नाही, फक्त कागद परत दिले. नशीब एवढंच की जुनं हरिकेन त्याने विकलं नव्हतं, गोठ्यात पोत्याखाली ठेवलं होतं. सध्या ते आमच्या मिस्त्रींकडे आहे. रिंगा आणि व्हॉल्व्ह झालेत, कापलेल्या फायरवॉलला पत्रा जोडायचं काम चालू आहे, आणि मिस्त्री रोज एकदा तरी विचारतात की ही भोकं पाडली कुणी.