हाड शाबूत असले तरी मज्जारज्जूला इजा होऊ शकते : खुलासा

‘एक्स-रेत मानेचे हाड मोडलेले नसेल तर मज्जारज्जू सुरक्षित असतो, शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही,’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. एक्स-रेत मज्जारज्जू दिसतच नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. उतारवयात मणक्यांमधून मज्जारज्जू जातो ती पोकळी आधीच अरुंद झालेली असल्यास, तोंडावर पडून मान मागे झटकली गेली तरी मज्जारज्जू चेपला जातो आणि पायांपेक्षा हात अधिक लुळे पडतात, हे अमेरिकी मेंदू-मज्जासंस्था शल्यविशारद रिचर्ड श्नायडर यांनी १९५४ मध्येच नोंदवले आहे. असा रुग्ण चालू शकतो, पण शर्टाचे बटण त्याला लावता येत नाही. दाब शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो. मात्र ती कोणावर आणि केव्हा करावी, हे तपासणीनंतर शल्यविशारदच ठरवतात. कृपया तो चुकीचा संदेश पुढे पाठवू नका. मानेला मार लागून हात बधिर झाले असतील तर मान न हलवता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.