कवंद भिंतीवर लावता, मग शिवणारीचं नावही लावा

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदी 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग सेंटरमध्ये मांडल्या गेल्या. आपल्या खानापुरातून अळणावर ओलांडलं की हल्याळ. पण बेळगावात असं प्रदर्शन मी तरी पाहिलेलं नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

कवंद म्हणजे जुन्या साड्या-शर्टांच्या तुकड्यांची वाकळ. शिवण काठापासून सुरू होते आणि फिरत फिरत मधोमध येते. मोठ्या तुकड्यांवर बारके भडक तुकडे बसवतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं हवीतच, त्यांच्याशिवाय कवंद उघडी मानतात. लालशेजारी पिवळा घ्यायचा की काळा, हे ती बाई हातात सुई धरूनच ठरवते. चित्रकार याहून वेगळं काय करतो?

तरी आपल्याकडच्या हस्तकला प्रदर्शनांत चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसतं जमातीचं आणि राज्याचं नाव असतं. बाईचं नाव नाही, गाव नाही. वारलीचं बघा. लग्नातला भिंतीवरचा चौक सवाशिणी लिहायच्या. ती कला कागदावर आली, चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं, ते योग्यच झालं. पण चौक लिहिणाऱ्या त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक आहेत? कवंदींचं तसं होऊ देऊ नका.

सिनेमातही सिद्दींचं तेच. कॅमेरा चेहरा, केस आणि दमाम या त्यांच्या ढोलाच्या तालावर अडकतो. 2001 मध्ये झकारायस कुनुक या कॅनडातल्या इन्युइट आदिवासी दिग्दर्शकानं आपल्याच भाषेत, आपलीच माणसं घेऊन केलेल्या चित्रपटाला कान महोत्सवात ‘कॅमेरा दोर’ हा पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. गोष्ट कुणी सांगायची, याचा निकाल तिथं त्यांनीच लावला. आपल्या सिद्दी पोरांच्या हातात कॅमेरा कधी येणार?

पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून आणलेल्या, गोव्यातून घाटातल्या रानात पळून आलेल्या माणसांचे हे वंशज. अनुसूचित जमातीचा दर्जा उत्तर कन्नडमध्ये 2003 ला मिळाला. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी 2020 उजाडलं. 1956 पासून आपली ओळख मान्य व्हावी म्हणून झगडणाऱ्या सीमाभागातल्या मराठी माणसाला ही वाट बघणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको. आणि तरीही बाजारात सिद्दी बाई दिसली की ‘तुम्ही कुठल्या देशाच्या?’ असं विचारणारे आपल्यातच आहेत.

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एखाद्या दालनात आठवडाभर कवंदी लावूया. कुठल्या लावायच्या ते शिवणाऱ्या बायका ठरवतील. नाव, गाव आणि किंमत त्या सांगतील तीच. चिठ्ठ्या मराठी, कन्नड, कोंकणी तिन्हींत. ज्यांच्या ओळखीत दालन आहे, त्यांनी खाली लिहा.