भर समुद्रात धुणं

आज सकाळी एका परक्या माणसाने माझे ओले कपडे मशीनमधून उपसून इस्त्रीच्या टेबलावर ठेवले. नुसते ठेवले असते तर एक वेळ सोडून दिलं असतं. त्याने ते लावून ठेवले. बाह्यांचे एकीकडे, बिनबाह्यांचे एकीकडे, आणि जे चारचौघांत दाखवायचे नसतात ते सगळ्यांत वर. का, तर त्यांना जरा वारा लागावा. हे कारण त्याने आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

लांबच्या क्रूझवर निघालं की लोक विचारतात, बोट लागत नाही का, कंटाळा येत नाही का. धुण्याचं काय करता, हे कोणी विचारत नाही. इथे पोहायचा तलाव आहे, नाटकाचं थिएटर आहे, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर बसवणारा केबिनचा मुलगा आहे. इस्त्री मात्र केबिनमध्ये लावायची नाही, कारण बोटीला पाण्याइतकंच आगीचंही भय. आमची केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. टीव्हीच्या एका चॅनलवर बोटीच्या पुढच्या टोकाचा कॅमेरा दिसतो, त्यावरून उजाडलं की नाही ते ठरवायचं. अशा ठिकाणी न्हाणीघरातल्या वीतभर दोरीवर जीन्स टाकली तर ती पुढच्या बंदरापर्यंत ओलीच. कंपनीची स्वतःची धुलाई आहे म्हणा, पण तिच्या दरपत्रकात पायमोज्यालाही स्वतंत्र ओळ आहे. मग उरते मजल्याच्या टोकाची प्रवाशांसाठीची लाँड्री. बंदराच्या दिवशी ती ओस पडलेली असते. समुद्राच्या दिवशी तिथे सगळं जग लोटतं.

आणि तिथे आजोबा बसतात.

आजोबांना कोणी नेमलेलं नाही. ते आमच्यासारखेच तिकीट काढून आलेले प्रवासी. पण ड्रायरशेजारच्या स्टुलावर ते वही-पेन्सिल घेऊन बसतात आणि नंबर देतात. सगळं आयुष्य कुठल्यातरी खात्यात लोकांना ‘उद्या या’ सांगण्यात गेलं असावं, असा माझा कयास आहे. तलावाकाठी पडून राहण्याचे पैसे भरायचे आणि लाँड्रीत बिनपगारी हजर व्हायचं!

“तुमची वेळ नऊ ते दहा,” वहीतून डोकं वर न काढता ते म्हणाले. “आता दहा चाळीस झाले.”

“आजोबा, नऊ चाळीस झालेत. रात्री घड्याळ तासभर मागे घेतलं ना! दाराखालून कागद आला होता.”

“कागद मलाही आला.”

“मग?”

“मी घड्याळ दुपारी बाराला बदलतो.”

“का पण?”

“सूर्य बाराला डोक्यावर येतो. पूर्वी जहाजावर दुपारचा सूर्य बघून वेळ लावायचे. रात्री दोनला घड्याळ बदलायचं म्हणजे चोरी झाली. दोनला कुठला आलाय सूर्य?”

“अहो, पण मशीनवर अजून आठ मिनिटं दिसत होती!”

“मशीन कंपनीचं. ते कंपनीचीच बाजू घेणार.”

चालू मशीन मध्येच थांबवून दार उघडता येतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. म्हणजे माझे कपडे पिळलेही गेले नव्हते. इस्त्रीच्या टेबलावरून पाणी थेट माझ्या चपलेवर ठिबकत होतं.

रांगेत बरीच मंडळी उभी होती. कोणीतरी तोंड उघडेल असं वाटलं, आणि एका बाईंनी उघडलंही. “ते बरोबर बोलताहेत,” त्या म्हणाल्या. आजोबांच्या घड्याळाप्रमाणे त्यांचा नंबर लागून चाळीस मिनिटं झाली होती. ज्यांना जुन्या वेळेत फायदा होता ते जुन्या वेळेचे, ज्यांना नव्या वेळेत होता ते ‘असू द्या, कशाला वाद’वाले. माझ्या बाजूचं म्हणाल तर एक वयस्कर गृहस्थ होते, पण ते चुकून लाँड्रीत आले होते, त्यांना ग्रंथालय हवं होतं.

मग मीही इतिहासात शिरले. बोट पश्चिमेला चाललीय, दर १५ रेखांशांना एक तास मागे जाणारच. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेसुरले खलाशी पृथ्वीला वळसा घालून केप व्हर्द बेटांवर पोचले, तेव्हा बोटीच्या हिशेबाने बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. त्यांच्यातला रोजनिशी लिहिणारा पिगाफेटा एक दिवसही न चुकवता नोंद करत होता, तरी त्याची वही एका दिवसाने मागे राहिली. तेव्हा वहीचं काय घेऊन बसलात, आजोबा!

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “किनाऱ्यावरचे चुकले असतील,” म्हणाले.

मी तशीच निथळतं बोचकं घेऊन रिसेप्शनवर गेले. तिथल्या मुलीने हसून सांगितलं की लाँड्रीचा वापर प्रवाशांनी आपसात समजुतीने करावा अशी अपेक्षा आहे. हसणं ट्रेनिंगमधलं होतं, त्याच्यावर रागावताही येत नाही. पण मला सांगा, बोट सुटण्याआधी सगळ्यांना सक्तीने गोळा करतात, सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की कुठे जमायचं ते शिकवतात, कोण आलं नाही त्याला शोधून आणतात. इतकी शिस्त येते तर लाँड्रीत एक माणूस ठेवता येत नाही? येतो. पण मग दरपत्रकातला पायमोजा कोण धुवायला देणार? आम्ही आपसात भांडलो की कंपनीच्या पथ्यावरच पडतं. हे आजोबांना सांगायला हवं होतं. सुचलं आत्ता, लिहिताना.

नवरा म्हणाला, जाऊ दे, पुढचा नंबर तरी घेऊन ये, माझे शर्ट संपलेत. स्वतः गेला नाही. जेवणानंतर मीच गेले. तोवर बारा वाजून गेले होते आणि आजोबांचं घड्याळ ताळ्यावर आलं होतं. वागणंही आलं असावं असं वाटलं, कारण न कुरकुरता त्यांनी माझं नाव लिहून घेतलं आणि चिठ्ठी दिली. पुढचा शुक्रवार, सकाळी नऊ ते दहा. इतकी सोन्यासारखी वेळ! मी चक्क आभार मानले.

लिफ्टमध्ये पायांखालच्या गालिच्यावर आजचा वार लिहिलेला असतो, तो मध्यरात्री बदलतात. तिकडे बघताना मला काल दुपारी कॅप्टनने स्पीकरवरून सांगितलेलं आठवलं. पुढच्या आठवड्यात आपण तारीख रेषा ओलांडतोय, गुरुवारी झोपलात की थेट शनिवारी उठाल.

परत जाऊन वहीत डोकावले. त्या शुक्रवारचं पान गच्च भरलेलं होतं. ज्यांनी ज्यांनी आजोबांशी वाद घातला होता, ते सगळे त्या दिवशी धुणार होते.