घानाचा राजा, सोन्याचं स्टूल आणि मामाचा फॉरवर्ड

काल रात्री मामाने फॅमिली ग्रुपवर टाकलं, "घानात अशांती नावाच्या लोकांच्या राजाच्या सोन्याच्या आसनावर जो बसेल तो राजा, बाकी सगळे सरदार त्याचे ताबेदार, जमीन सगळी त्याची, भांडण झालं तर तो म्हणेल तोच कायदा, कोर्टकचेरी नाहीच." वर मामाची पुस्ती, 'आपल्याकडे असंच पाहिजे!' दादा पुढच्या महिन्यात नोकरीसाठी कुमासीला, म्हणजे याच राजाच्या राजधानीत, चाललाय, त्याने हे तिथे कुणाला ऐकवलं तर काय, म्हणून लिहितेय.

आधी ते बसायचं. अरे, त्यावर कुणीच बसत नाही, राजासुद्धा नाही. 1900 मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसन म्हणाला, ते आसन मला बसायला आणून द्या, आणि एजिसूची राजमाता याआ असांतेवा थेट युद्धालाच उभी राहिली.

आता कोर्ट, ज्याने माझं डोकं फिरलं. तिथे गादी म्हणजे स्टूल, खरंखुरं लाकडात कोरलेलं, प्रत्येक प्रमुखाचं वेगळं. धाकट्या स्टूलाच्या प्रमुखाने कुठल्या थोरल्या स्टूलापुढे निष्ठेची शपथ घ्यायची यावरूनच पिढ्यानपिढ्या भांडणं चालू आहेत. तुओबोडोम घे. गाव टेचिमान या दुसऱ्या मोठ्या स्टूलाच्या शेजारी, पण गावातला एक प्रमुख कुमासीच्या राजाला मानणारा, आणि टेचिमान म्हणतं गाव आमचं. 2010 मध्ये टेचिमानवाल्यांनी त्या प्रमुखाला उचलूनच नेलं आणि दंगल पेटली. कुमासीच्या राजाचा शब्द म्हणजे कायदा असता तर त्याच्या माणसाला हात लावायची कुणाची हिंमत झाली असती?

आणि कायदा आहे की, 2008 चा, चीफटन्सी ॲक्ट, म्हणजे प्रमुखपदाचा कायदा. त्याच्या कलम 76 मध्ये प्रमुखांचे रूढीप्रमाणे एकमेकांशी असलेले संबंध हा चीफटन्सीचा वाद म्हणून सरळ लिहिलाय. तो आधी ट्रॅडिशनल कौन्सिलकडे, म्हणजे त्या भागातल्या प्रमुखांच्या परिषदेकडे, किंवा मोठ्या स्टूलांचा असेल तर रीजनल हाउस ऑफ चीफ्सकडे, म्हणजे प्रांतातल्या प्रमुखांच्या सभेकडे, मग देशपातळीवरचं नॅशनल हाउस, आणि शेवटी सुप्रीम कोर्ट. बरं, एक मान्य करते, हायकोर्टाला हे वाद ऐकायचा अधिकार खरंच नाही, फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेवढंच कुठेतरी ऐकलं असणार. त्यामुळे होतं काय, एक पार्टी जमिनीचा दावा म्हणून हायकोर्टात जाते, दुसरी म्हणते हा आतून निष्ठेचाच वाद आहे, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला, आधी यावरच वकिलांची जुंपते.

सगळे सरदार ताबेदार? 1951 मध्ये ब्रॉंग नावाच्या लोकांच्या प्रमुखांनी कुमासीपासून वेगळी फेडरेशन काढली आणि 1959 मध्ये पंतप्रधान एन्क्रुमाच्या सरकारने त्यांना वेगळा प्रांतही दिला. राजाचं वजन आहे, नाही म्हणत नाही, उत्तरेकडच्या दागबोन राज्याचा गादीचा वाद मिटवायला सरकारने त्यालाच पुढे केलं होतं, पण ती मध्यस्थी झाली, हुकूम नव्हे.

जमीन ज्या त्या स्टूलाची, तीही रयतेच्या वतीने सांभाळायला. उत्पन्नातले 10 टक्के या जमिनींचा हिशोब बघणाऱ्या सरकारी ऑफिसच्या खर्चाला गेले की उरलेल्यातले 55 टक्के जिल्हा असेंब्लीला जातात, स्टूलाला 25 आणि ट्रॅडिशनल कौन्सिलला 20, राज्यघटनेचं कलम 267.

मामा, दादाला एवढंच सांग, तिथे डाव्या हाताने कुणाला काही देऊ नको. आणि तो फॉरवर्ड आधी डिलीट कर.