फायरप्लेस, टीव्ही आणि दोन कॉलममधली जागा : धुळेकर नानांना उत्तर

नाना, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली तेव्हा राग आला. दुपारी कूलरसमोर बसून पुन्हा वाचली, तर निम्मी पटली. उरलेल्या निम्म्यावर भांडायचं आहे, म्हणून एवढं लांबलचक उत्तर.

बाकीच्या वाचकांसाठी आधी भांडणाचा विषय सांगते. हॉलमधल्या टीव्हीच्या भिंतीबद्दल लिहिताना मी "जळगावच्या उन्हात फायरप्लेस म्हणजे मे महिन्यात स्वेटर" असं म्हटलं होतं. नानांचा मुलगा पेनसिल्व्हेनियात राहतो. त्याच्या घरी विटांची खरी फायरप्लेस आहे, दोन्ही अंगांना भिंतीतच बसवलेली पुस्तकांची कपाटं आहेत, वर टीव्ही आहे. नानांना धुळ्याला, देवपुरात बांधलेल्या नव्या घरात तस्संच करायचंय, विजेची फायरप्लेस लावून. त्यांनी लिहिलंय, "ताई, दुसऱ्याच्या हौसेला हसू नये. आमच्या वाड्यात भिंतीभर कोनाडे न् फडताळं होती, ती चालली, मग आता भिंतीत कपाट नको असं कसं सांगता? आणि तुमच्या चित्रातली चार फुटी फळी शेजाऱ्याने करून पाहिली, तिचा झोका झाला."

फळीचं आधी घेते, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. चित्र सुबक दिसावं म्हणून मी 18 मिलीमीटर प्लायची चार फूट लांब फळी मधे आधार न देता काढली. पुस्तकं एक मीटर फळीवर दाटीने लावली तर 25-30 किलो वजन सहज होतं. आणि फळीची लांबी वाढली की वाक त्याच हिशेबाने वाढत नाही, चौथ्या घाताने वाढतो. अडीच फुटांची फळी चार फूट केली की त्याच दाटीच्या पुस्तकांखाली ती साधारण साडेसहा पट वाकते. म्हणजे पुस्तकांसाठी अडीच फुटांवर उभा पार्टिशन हवाच. शेजाऱ्यांना सांगा, फळ्या फेकू नका. पुढच्या कडेला खालून सागाची दीड-दोन इंच उभी पट्टी मारून घ्या, जमलं तर मागेही भिंतीला एक पट्टी द्या. आधी झालेला वाक निघावा म्हणून फळी उलटी करून बसवा. माझ्यातर्फे त्यांना सॉरी.

आता कोनाडे. नाना, तुमच्या वाड्याची भिंत किती जाड होती आठवा. माती-विटांची दीड-दोन फुटी भिंत, वर धाबं. तिच्यात फूटभर खोल फडताळ केलं तरी मागे अर्धा-एक फूट भिंत शिल्लक. आजच्या घरात बाहेरची भिंत 9 इंची नाहीतर 6 इंची, आतली 4 इंची. 9 इंची भिंत पाच इंच खोदली की मागे चार इंच उरतात. मग पावसाळ्यात ओल तिथूनच येणार, आणि भिंत पश्चिमेची असेल तर दुपारी तीन वाजता कपाटात हात घातला की तव्याजवळ गेल्यासारखं वाटणार. एका ओळखीच्यांकडे असं झालंय. दिवाळी अंकांचे गठ्ठे दोन वर्षांत पापडासारखे झाले. माझा विरोध भिंत खोदायला आहे. भिंतीत बसल्यासारख्या दिसणाऱ्या कपाटाला अजिबात नाही.

आणि इथेच मुलाच्या घराची खरी गंमत आहे. तिकडच्या जुन्या घरांत धुराड्याचा विटांचा खांब खोलीत पुढे आलेला असतो. त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना आपोआप खोबणी तयार होतात, आणि वाया जाणारी ती जागा भरायला कपाटं आली. त्या भिंतीचं रूप त्या धुराड्यामुळे आहे. धुळ्यात तसं करायचं तर आधी प्लायचं खोटं धुराडं पुढे काढायचं, मग त्याने गिळलेल्या जागेत कपाटं बसवायची. सोळा फुटी हॉलचा दीड फूट उगाच गेला.

पण खोबणी तुमच्याकडेही असणार, फक्त तुम्ही ती पाहिली नसेल. आरसीसीच्या घरात 9 बाय 15 इंचांचे कॉलम असतात. कॉलमची लांब बाजू खोलीच्या दिशेने असली तर 6 इंची भिंतीच्या पुढे तो 9 इंच डोकावतो. दोन कॉलमच्या मधे ही 9 इंच खोल जागा फुकट पडून असते, आणि आपण तिथे सोफा सरकवून कॉलमला शिव्या देतो. मराठी पुस्तकाला 9 इंच खोली भरपूर झाली. खाली दीड फुटापर्यंत 15-16 इंच खोल ड्रॉवरची बैठक पुढे काढा, वर 9 इंचाच्या फळ्या. समजा कॉलममधे अकरा फूट मिळाले. 55 इंची टीव्ही म्हणजे रुंदीला चार फूट. त्याच्या दोन्ही बाजूंना हवेला चार-चार इंच सोडले तरी प्रत्येकी तीन फुटांहून जास्त कपाट निघतं, मधे एक पार्टिशन घालून. सनमायका कॉलमच्या कडेला मिळवला की भिंतीत कोरल्यासारखंच दिसतं.

मात्र मिस्त्रीला कपाट कॉलमला घट्ट ठोकून बसवू देऊ नका. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीवर हे फार सांभाळावं लागतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया नीट नसेल तर भिंतीही तिच्यासोबत हलतात. घट्ट बसवलेल्या कपाटाचे शटर जूनमध्ये अडकतात, मेमध्ये फाकतात. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा गाळा ठेवा, त्यावर वेगळी पट्टी लावा. ती पट्टी फक्त कपाटाला ठोकायची, भिंतीला नाही. प्लाय आयएस 710 चा शिक्का बघून घ्या. जाहिरातीत जहाजाचा प्लाय म्हणतात तोच. आपल्याकडे जहाज नाही, पण चार महिने कूलरची ओली हवा सरळ त्या भिंतीवर येते, आणि साध्या प्लायच्या कडा तिने फुगतात. खालच्या ड्रॉवरच्या ओळीत पैसे कमी पडत असतील तर कडाप्प्याचे खण करा. दिसायला साधे, पण कूलर आणि वाळवी दोघांनाही पुरून उरतात.

आता हौसेचं. हसले, ते चुकलं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा 6-7 अंशांवर येतो, हे जळगावात बसून विसरायला होतं. विजेची फायरप्लेस लावायचीच असेल तर लावा. दीड-दोन हजार वॅटचा हीटर असतो, त्याला 16 अँपिअरचा वेगळा प्लग हवा. वायरिंग चालू असतानाच सांगा, नंतर भिंत फोडायला लावू नका. तासाला दीड-दोन युनिट जातील. नुसती ज्वाळा दाखवायची तर वीज नगण्य.

पण टीव्ही तिच्यावर नको. इथे मी मागे हटणार नाही. तिकडे फायरप्लेसवरची फळी जमिनीपासून साडेचार फुटांवर असते. तिच्यावर अर्धा फूट सोडून 55 इंची टीव्ही लावला की पडद्याचा मध्य सहा फुटांवर जातो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा साधारण साडेतीन फुटांवर. आणि आपण सोफ्यावर बसतो तरी किती? मेमध्ये सगळं घर फरशीवर आडवं पडून मॅच बघतं. त्यांच्या मानेचं काय? शिवाय बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत 40 अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. बाहेर 44 असताना बंद हॉल आधीच त्या रेषेजवळ असतो, वरून खालचा हीटर चुकून चालू राहिला तर बघायलाच नको. सेटटॉप बॉक्स आणि राउटर ज्या खणात ठेवाल त्याचं शटरही जाळीचं करा.

मुलालाही सांगा. टीव्ही धुराड्यावरून उतरवून एका बाजूच्या खोबणीत आणायचा आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकं ठेवायची. "भिंत लंगडी दिसेल" ही तुमची भीती कळते, पण दोन्हीकडे खालची बैठक एकाच उंचीची ठेवली की डोळा तेवढ्याने समाधान मानतो. लाकडं जाळत असेल तर तिथल्या नियमाप्रमाणे फायरप्लेसच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूडकाम चालत नाही. 6 ते 12 इंचांमध्ये दर इंच अंतराला फक्त एक अष्टमांश इंच पुढे येऊ शकतं. गॅसवाली असेल तर कंपनीच्या पुस्तिकेतलं अंतर धरायचं.

हा नियम मला इतका आवडतो की मी तो आपल्या देव्हाऱ्यालाही लावते. खानदेशातल्या हॉलमध्ये खरी ज्योत एकच असते, समईची, आणि लोक तिच्या डोक्यावर हमखास लाकडी फळी आणून ठेवतात. टीव्हीच्या भिंतीत देव्हारा घालणार असाल तर वरची फळी ज्योतीपासून किमान दोन फूट उंच ठेवा, किंवा त्या खणाचं छतच दगडी करा.

शेवटी तुम्ही चिडून लिहिलंय, "मग त्या खणात कोळशाची शेगडीच ठेवतो." नाना, हे गमतीतही नको. कोळशाचा विषारी वायू बंद खोलीत साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. शेगडी अंगणातच बरी.

आता एक काम करा. दोन कॉलममधलं अंतर वर, मधे आणि खाली असं तीन ठिकाणी मोजा. प्लास्टर ओळंब्यात नसतं, तिन्ही आकडे वेगळे येतील. भिंत कोणत्या दिशेची आणि कूलरची खिडकी कुठे तेही लिहा. चित्र काढून देते, यावेळी पार्टिशनसकट.