पेठ नाक्यावरचा ३६-अ

काल टपरीवर पम्याने विषय काढला. त्याच्या साडूला त्र्यंबकच्या बाजूला फार्महाऊससाठी दोन एकर हवेत. जागा पसंत, भाव ठरला, आणि सातबाऱ्यावर मालक आदिवासी निघाला.

"म्हणजे विसरा," वकील म्हणाला. "महसूल कायद्याचं कलम ३६-अ. बिगर आदिवासीला विक्री, बक्षीस, गहाण, भाडेपट्टा, काहीही करायचं तर आधी कलेक्टरची परवानगी. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा किंवा गहाण सोडलं, तर वर सरकारचीही मंजुरी."

"मी माझी जमीन कुणालाही विकतो. त्यालाच का बंदी? तो काय कुक्कुलं बाळ आहे?" पम्या उसळला.

मुद्दा बिनतोड वाटला. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

"कायदा मला नाही बांधत, तुझ्या साडूला बांधतो," सुरगाण्याचा काशा म्हणाला. तो स्वतः आदिवासी. "आमच्याकडे खावटीच्या, म्हणजे उसन्या दाण्यापायी अंगठे उठवून शेतं गेलीत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करायला सरकारला वेगळा कायदा करावा लागला, तो काय उगाच?"

"आणि तो १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला," वकिलाने भर घातली. मग त्याची गाडी सुटलीच. संविधानाची पाचवी अनुसूची, त्यात अनुसूचित क्षेत्रातले, म्हणजे जाहीर केलेल्या आदिवासी भागातले, जमिनीचे व्यवहार रोखायचे राज्यपालांचे अधिकार, आणि १९९७ चा समता खटला. आंध्रातल्या त्या खटल्यात कोर्टाने सरकारलाच अडवलं होतं: अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खासगी खाणवाल्यांना पट्ट्याने द्यायची नाही. म्हणजे अज्ञान आदिवासीला सांभाळायचा हा मामला नाहीच. समोरचा फार ताकदवान आहे, हे ओळखून घातलेलं कुंपण आहे. निदान मला तरी तसंच दिसतं.

"पण मग दवाखान्याला, लग्नाला पैसा कुठून आणायचा? बँकवाला असला सातबारा बघून फाईल बाजूला ठेवतो."

इथे पम्याचं खरं होतं. काशानेही ते नाकारलं नाही. "मग कर्जाची सोय करा ना. अडचण कर्जाची आणि इलाज जमीन सोडायचा?"

"बरं, विकू नका. तीस वर्षं पट्ट्याने द्या, मालकी तुमचीच. पट्ट्याने द्यायचं तर २०२५ मध्ये महसूलमंत्रीही म्हणत होते."

"तीस वर्षांनी स्विमिंग पुलात नागली लावू का?"

सगळे हसले, पम्यासुद्धा. वकील मात्र गंभीर. पट्ट्याला ग्रामसभेच्या ठरावाची अट घाला, तो म्हणाला. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये खाणीला नाही म्हटलं, आणि खाण थांबली.

"त्या बारा होत्या आणि सगळ्या देशाचं लक्ष होतं," काशा म्हणाला. "दोन एकरांसाठी कोण येणार बघायला? रात्री पार्टी, सकाळी ठराव. मला सांगतो ग्रामसभा!"

मग पम्या राहिला बाजूला, आणि त्या दोघांचीच जुंपली.