आई पंपात फुंकत होती

परवा शाळेत एका सहकारी बाईंनी विचारलं, "तुमच्या आईंना पंप कधीपासून चालू आहे?" मी म्हटलं, पंप चालू होऊन चार वर्षं झाली, पण औषध छातीत जायला लागलं त्यानंतर तीन महिन्यांनी. त्यांना काही कळेना. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या आणि फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार, आणि पंप म्हणजे त्याचं औषध श्वासाबरोबर आत ओढायचा इनहेलर. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कुणाला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

एका संध्याकाळी आईच्या हिरव्या लुगड्याच्या पदरावर मला पांढरी पावडर दिसली. पीठ असेल म्हणून झटकायला गेले तर पीठ नव्हतं. मग तिला म्हटलं, पंप घेऊन दाखव बघू. तिने कॅप्सूल व्यवस्थित आत घातली, पंप फिरवला, तोंडाला लावला आणि गाल फुगवून जोरात फुंकला. औषध सगळं बाहेर.

"आगं, फुकायचं न्हाय व्हय? मला वाटलं फुकणीवाणी हाय."

तीन महिने दिवसातून दोनदा आईने औषध हवेत उडवलं होतं. तिची चूक नव्हती. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, मेडिकलवाल्याने खोका हातात दिला, "सकाळ-संध्याकाळ घ्या" म्हणून सांगितलं. खोका उघडून, तिच्यासमोर बसून, "असा ओढा" असं कुणी दाखवलं नाही. मीही नाही. मी चौथीच्या मुलांना पेन्सिल कशी धरायची हे हात धरून शिकवते, आणि आईला पंप नुसता देऊन मोकळी झाले. याची टोचणी मला अजून आहे.

आणि जिने चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज पहाटे फुंकणी तोंडाला लावली, तिने नळी दिसल्यावर दुसरं काय करावं?

आमचं गाव पाटण तालुक्यात. तिकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना ओल्या लाकडाची चूल म्हणजे काय हे सांगायला नको. जून ते सप्टेंबर सरपण वाळतच नाही. शेणी सादळलेल्या असतात. पेटवण होईपर्यंत घरभर धूर, आणि आमच्या सैपाकघराला खिडकी नव्हती, कौलातून जाईल तेवढाच धूर बाहेर. आढ्याला काजळी अशी धरायची की पाऊस गळला तर भिंतीवर काळे ओघळ यायचे. त्या खोलीत आई पहाटे पाचला बसायची. अंघोळीचं पाणी, चहा, सात-आठ माणसांच्या भाकरी, वैलावर कालवण. संध्याकाळी परत तेच. मी लहानपणी तिच्या मांडीवर बसायचे तेव्हा तिचे डोळे कायम लाल असायचे. मला वाटायचं, आयांचे डोळे असेच असतात.

गॅस आमच्याकडे आला, पण चूल गेली नाही. गॅसवर चहा आणि पाहुण्यांचं. भाकरी आणि पाणी चुलीवरच, कारण सिलिंडर पुरवायचा असतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गावात बऱ्याच घरांत शेगडी आली, ते चांगलंच झालं. पण शेगडी घरात येणं आणि धूर घरातून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही पहाटे गावात गेलात तर कौलांवर धूर दिसेल.

आईला धाप लागायला लागली तेव्हा आम्ही काय म्हटलं? वय झालं. ती स्वतःही तेच म्हणायची. आधी शेताच्या चढाला थांबायची, मग देवळाच्या पायऱ्यांना, मग हंडा उचलल्यावर. दर हिवाळ्यात खोकला, बेडके, औषधाची बाटली, गोळ्यांचा कोर्स. कुणी म्हणालं दमा, कुणी म्हणालं ॲलर्जी. एक्सरे काढला तर त्यात विशेष काही नाही. जितक्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे एक प्रश्न ठरलेला: "घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?" आम्ही नाही म्हणायचो आणि विषय तिथेच संपायचा. स्वयंपाक कशावर करता, हे सहा वर्षांत एकानेही विचारलं नाही.

हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते मला नंतर वाचून कळलं. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या श्वसनविकारांचा मोठा अभ्यास आला. त्याप्रमाणे २०१६ साली देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. आणि या आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून जास्त वाटा हवेच्या प्रदूषणाचा, म्हणजे बाहेरची हवा आणि घरातला धूर दोन्ही मिळून. तंबाखूचा वाटा साधारण एक चतुर्थांश. म्हणजे आपण सगळे ज्या एका प्रश्नावर थांबतो, त्याने बहुतेक बायका सुटूनच जातात.

शेवटी कराडला एका छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करायला सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छातीभरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरात सोडायचा. पंपाचं औषध देऊन थोड्या वेळाने परत एकदा. छातीतून सुटलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, ते यात मोजतात. औषध दिल्यावरही ती ७० टक्क्यांच्या खाली राहिली तर नळ्यांमध्ये कायमचा अडथळा आहे असं धरतात. आईची ५२ टक्के आली. रक्त काढायचं नाही, टोचायचं नाही, अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी आम्ही सहा वर्षं घालवली.

दम्यात नळ्या आवळतात आणि परत मोकळ्या होतात. सीओपीडीत त्या सुजून जाड होतात आणि फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटत जातात. फाटलेलं परत शिवता येत नाही. हे डॉक्टरांनी आईसमोर स्पष्ट सांगितलं आणि मला ते आवडलं. पुढे म्हणाले, "जे गेलं ते गेलं, आजी. जे उरलंय त्यावर नीट जगायचं शिकवतो." सगळ्यांना असं कुणी भेटत नाही, हे मला माहीत आहे.

पंपाबद्दल एक सांगते, कारण नातेवाइकांनी डोकं खाल्लं होतं. "पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, त्यापेक्षा गोळी बरी." नळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची येते. तेच औषध पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे चाळीसावा भाग. गोळी पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगभर फिरते, हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपाचं औषध जिथे लागतं तिथे थेट जातं. सवय म्हणाल तर चष्म्याचीही लागते. फक्त घ्यायची पद्धत नीट हवी. कॅप्सूलचा पंप जोरात आणि खोल ओढायचा. फवाऱ्याचा पंप हलवून, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, सावकाश ओढायचा. दोन्हींत ओढल्यावर दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा. आणि पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून गुळण्या करायच्या, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा. एवढं एक काम नक्की करा.

पण आमची सर्वांत मोठी चूक पंपाची नव्हती. निदान झाल्यावर आम्ही आईला बसवून ठेवलं. मी तिला कराडला माझ्याकडे आणलं आणि म्हटलं, आयुष्यभर कष्ट केलेस, आता काडी उचलायची नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात. सहा महिन्यांत ती संडासापर्यंत जायला दमायला लागली. मला वाटलं आजार वाढला. परत तपासणी केली तर फुंकरीचे आकडे जवळजवळ तेच. फुफ्फुसं तिथेच होती, पाय गेले होते. मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. न वापरलेल्या स्नायूला त्याच कामासाठी जास्त प्राणवायू लागतो, म्हणून धाप वाढते, धाप लागते म्हणून माणूस आणखी बसतो, आणि पाय आणखी जातात. हे आम्ही मायेने केलं होतं.

मग फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला चालवायला घेतलं. पहिल्या दिवशी व्हरांड्यात दोन मिनिटं, मग खुर्ची. धाप लागली की घाबरायचं नाही, पुढे वाकून हात मांडीवर टेकायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, घ्यायच्या दुप्पट वेळ. त्याने नळ्या लवकर मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर पडते. ताई म्हणाल्या, मेणबत्ती नुसती हलेल अशी फुंकर घाला. आईला ते जमेना. मी म्हटलं, आई, इंगळावर राख असते, ती उडाली नाही पाहिजे पण इंगळ फुलला पाहिजे, तशी फुंकर घाल. तिने लगेच घातली. लांब, बारीक, एकसारखी. ताई बघतच राहिल्या.

आठवड्यांनी मिनिटं वाढत गेली. आता ती सकाळी वीस मिनिटं चालते, मध्ये एकदा बसते. अंघोळ स्टुलावर बसून. नऊवारी सोडून गाउन घालायला मात्र तयार नाही, पण निऱ्या खाली वाकून घालायच्याऐवजी पलंगावर बसून घालते. भाकरी एका वेळी एकच, पण दिवसातून चार-पाच वेळा खाते, कारण पोट तट्ट भरलं की श्वासाला जागा राहत नाही. दरवर्षी फ्लूची लस. बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा वाढला, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. "उद्या बघू" आमच्या घरात बंद.

कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले, त्यावरून एक काळजीची गोष्ट. ओळखीच्या एका घरात आजोबांच्या ऑक्सिजनचा आकडा ९० दिसला म्हणून मुलाने सिलिंडरचा काटा भरपूर फिरवला. आजोबा गुंगीत गेले. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून अशा रुग्णांना ऑक्सिजन देताना आकडा साधारण ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. तुमच्या माणसासाठी किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि भिंतीवर चिकटवा. काट्याला मनाने हात लावू नका.

आणि धूर. डासांची एक कॉइल जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला आहे. आमच्याकडे आता मच्छरदाणी. दिवाळीत पोरांना नागगोळी बंद, कारण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वांत जास्त कण त्या इवल्याशा गोळीतून निघाले. पोरं रुसली. आजीला खोकताना बघितलं आणि स्वतःच गोळ्या परत देऊन आली.

गेल्या महिन्यात हायवेला जेवायला थांबलो. बाहेर मोठी पाटी: चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी. लोक चुलीसोबत फोटो काढत होते. चुलीपुढे साधारण माझ्या वयाची बाई, डोळे लाल, पदर नाकाला. आई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिला विचारलं, "खोकला येतो का गं सकाळचा?" ती म्हणाली, "येतो की आजी, धुरानं." मला घास गेला नाही. चव मलाही आवडते, मी त्याच भाकरीवर वाढले. पण ती चव कुणाच्या छातीतून येते, हे मला आता माहीत आहे. निदान एक धुराडं बसवा, छप्पर उघडं ठेवा, त्या बाईंची वर्षातून एकदा फुंकून तपासणी करा.

आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता हा प्रश्न आहे. दम लागतो का, हाही आहे. म्हणजे सरकारला हे माहीत आहे. उत्तर "लाकूड" आणि "हो" आलं, की ती बाई स्पायरोमेट्रीपर्यंत पोचली पाहिजे, आणि ती सोय तालुक्याला पाहिजे. आमच्या गावाकडून त्यासाठी एसटीने अख्खा दिवस घालवून कराडला यावं लागतं. शेतातला रोज बुडवून, "मला काय झालंय" म्हणणारी कोणती बाई येईल?

मावशीलाही हेच निघालं आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईने तिला पंप घ्यायला लावला.

"फुकू नगंस बायडे. वढ. आजून वढ. आता तोंड मिट, मी मोजते."

आणि आई मोठ्याने मोजत होती, एक ते दहा, मध्ये न थांबता.